स्कीच्या दोन जोड्या आणि कापसाची गंजी

यवतमाळ शहर, तालुका आणि जमल्यास उरलेल्या जगातील सर्व लहानथोरांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ज्या गावात बर्फ फक्त रसवंतीवाल्याच्या पेटीत, तोही गोणपाटाखाली भेटतो, त्या गावातल्या आमच्या समोरच्या खोलीत, टीव्ही आणि देव्हारा यांच्या मधल्या भिंतीला टेकून, स्कीच्या दोन जोड्या उभ्या आहेत. त्यांतली एक ठेवायची आहे आणि एक परत करायची आहे. या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत नागरिकांनी आमच्या घरी जेवणाच्या वेळेला येऊ नये. चहाच्या वेळेलाही येऊ नये, पण तुम्ही येणारच आहात, तर येताना दूध आणावे.

ही दवंडी मी गेल्या वर्षी कित्येक महिने मनातल्या मनात देत होतो. मोठ्यानं द्यायची ताकद नव्हती. आमच्या घरात थकवा भाडेकरूसारखा राहतो. जातो जातो म्हणतो आणि जात नाही. मी कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर आहे. शेतकऱ्याच्या गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा, लांबी बघायची, ओल बघायची आणि मग शेतकऱ्याला आवडणार नाही असं काहीतरी बोलायचं, हे माझं काम. हंगामात दिवसभर उभा राहून घरी येतो तेव्हा पाय माझे नसतात आणि नाकाकानात रुई असते. बायको दारातच अडवते. "तथीच झटका अंग. मले उशा नाई भराच्या." ती स्वतः शाळेत शिकवून आलेली असते आणि तिचा गुडघा जिन्याच्या प्रत्येक पायरीशी वेगळं भांडण करून आलेला असतो.

आणि आमची एकुलती एक पोरगी हिमालयात स्की शिकवते. हे वाक्य मी लोकांना सांगतो तेव्हा त्याच्याआधी थोडा थांबतो. गणेशोत्सवातल्या नाटकांत मी बरीच वर्षं मेलेल्या राजाचं काम केलं आहे, त्यामुळे थांबण्याची किंमत मला माहीत आहे. लोकांना मात्र त्या थांबण्याची काही पडलेली नसते. "घसराचं बी शिकवा लागते काय?" आमच्या गल्लीतला एक जण म्हणाला होता. "आमच्या वावरात या म्हना पावसाळ्यात. मास्तर नाई लागत."

कॉलेजात असताना ती एका शिबिराला म्हणून गेली, मग डोंगर चढण्याचा कोर्स केला, मग बर्फावरचा केला आणि मग तिथंच राहिली. हिवाळाभर ती तिकडे असते आणि उन्हाळा-पावसाळ्यात इकडे. एरवी येते ती धुतल्या तोंडानं, बडबडत, आईसाठी अक्रोड घेऊन. गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी आली तेव्हा अक्रोड नव्हते. नागपूरच्या एसटीतून उतरली. खांद्यावर तिच्यापेक्षा उंच अशी लांबलचक पिशवी होती आणि मागून कंडक्टर म्हणत होता, "ताई, पाळना हाये काय हा? मंग पोरगं कुठी हाये?" एरवी ती त्याला दोन शब्द ऐकवून आली असती. ती नुसती खाली उतरली, पिशवी माझ्या खांद्यावर दिली आणि ऑटोत बसल्या बसल्या झोपली.

घरी आल्यावर पाणी प्यायली आणि म्हणाली, "यंदा मी परत जाईन का नाई, मले माहीत नाई. कोनी विचारू नका. मले झोपू द्या."

आम्ही झोपू दिलं. यवतमाळचा मे महिना, कूलर घर्र घर्र करतोय, आणि पोरगी झोपली आहे. उठायची, जेवायची, परत झोपायची. बायको सगळ्यांना सांगायची, "थकली हाये." हे सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा की, विचारणाऱ्यालाही जांभई यावी.

पिशवीत स्कीच्या दोन जोड्या होत्या. तिच्या बरोबरीची एक शिक्षिका लग्न करून परदेशी गेली. जाताना तिनं आपल्या दोन्ही जोड्या आमच्या पोरीकडे दिल्या. तुला हवी ती ठेव, दुसरी हंगाम सुरू होताना दुसऱ्या एका शिक्षकाला दे, असं ठरलं होतं. तिकडे खोली सोडावी लागली म्हणून ती दोन्ही घेऊन आली. म्हणजे निवड करायची तर डिसेंबरच्या आत, आणि निवड कशासाठी करायची, तर परत जायचं असेल तर. दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत होत्या आणि ती पिशवी ती उघडत नव्हती.

शेवटी बायकोनंच उघडली. पिशवीला वास येतो म्हणाली. जोड्या बाहेर आल्या, भिंतीला लागल्या आणि त्यांच्या टोकांवर दुसऱ्या दिवसापासून माझे मोजे वाळू लागले.

फरक काय, हे मी पोरीकडून थोडं थोडं काढून घेतलं. दोन्ही जोड्या सगळीकडे चालतात, ती म्हणाली, पण प्रत्येकीचं मन एकीकडे असतं. एक मधोमध अरुंद आणि कडक. जिथं यंत्र फिरवून उतार सारखा दाबलेला असतो, वखर मारलेल्या वावरासारख्या त्याच्यावर रेघा असतात, तिथं ही जोडी चाकूसारखी वळते. प्रवाशांना शिकवायचं ते याच उतारावर. दुसरी जोडी रुंद, टोकाला जास्त उचललेली, जरा लवचीक. दाबलेल्या उताराच्या दोन्हीकडे झेंडे लावलेले असतात, त्या झेंड्यांच्या बाहेर, जिथं यंत्र जात नाही आणि बर्फ पडला तसा मोकळा असतो, तिथं ही तरंगते. दाबलेल्या बर्फावर ती चालते, पण वळायला वेळ घेते, कुरकुर करते.

"म्हणजे एक शाळेची आणि एक सुटीची," मी म्हणालो.

"तसंच समजा," ती म्हणाली आणि कूस बदलली.

झेंड्यांच्या बाहेर काय झालं होतं, ते तिनं एकदाच सांगितलं. पावसाळ्याचे दिवस होते. ती, मी आणि बायको अंबाडीची भाजी निवडत बसलो होतो. पानं खुडता खुडता ती बोलली. मार्चमध्ये एका दुपारी शिकवणं आटोपल्यावर ती बाहेरच्या उतारावर गेली होती. बरोबरचे पुढे निघून गेले होते. मोकळ्या बर्फात एक पाय आत गेला, ती उलटी पडली आणि डोक्यापर्यंत आत रुतली. लागलं काही नाही. गुडघा पिरगळला, तो बराही झाला. पण बाहेर निघायला वेळ लागला. "भीती पडाची नाई वाटली," ती म्हणाली. "तथी आवाजच नव्हता. मी ओरडली, तं माह्या कानालेच आयकू नाई आलं. कोनीच नाई, काहीच नाई." मग तिनं निवडलेली भाजी आईकडे सरकवली. त्यानंतरचा सगळा हंगाम ती दाबलेल्या उतारावरच राहिली. बाहेर एकदाही गेली नाही.

 बायकोनं आधीच निवडून झालेली भाजी परत निवडली.

आता खरं सांगायचं तर आमच्या घरात तीन पक्ष झाले. बायकोला दोन्ही जोड्या परत जायला हव्या होत्या. मला अरुंद जोडी हवी होती. पोरीनं जावं, शिकवावं, झेंड्यांच्या आत राहावं, आणि मला जिनिंगमध्ये ते वाक्य थांबून थांबून सांगता यावं. पोरीला काय हवं होतं, ते पोरीलाच ठाऊक नव्हतं. ती येता-जाता रुंद जोडीकडे बघायची आणि लगेच नजर काढून घ्यायची. उंबरठ्यावर बसलेल्या कुत्र्याकडे बघावं, चावणार तर नाही ना, तसं.

त्यात गावाला बातमी लागली. मुलगी बघायला येतात तसे लोक स्की बघायला येऊ लागले. सोफ्यावर बसायचे, चहा घ्यायचे, दोन्ही स्थळांकडे आलटून पालटून बघायचे. "ही जरा उजवी वाटते." "हिचा रंग चांगला." "उंची जमते काय पोरीच्या?" एका बाईंनी हळूच विचारलं, "दोन्ही एकाच घरच्या काय?" पोरगी आत झोपायची आणि आम्ही दोघं वधूपित्यासारखे कप गोळा करायचो. सल्ला मात्र कोणी चुकवला नाही. ज्यानं आयुष्यात फ्रीजच्या आत डोकावून पाहण्यापलीकडे बर्फाशी संबंध ठेवला नव्हता, तोही जाताना दारात थांबून म्हणायचा, "माह्यं आयकसान तं..."

या सगळ्यांत दोन जणांनी हा प्रश्न आपल्या घरचा मानला. पहिला म्हणजे आमचा मिस्त्री. त्याचं स्टँडजवळ मोटरसायकलचं गॅरेज आहे, माझी गाडी त्याच्याच हातावर इतकी वर्षं जगली आहे. तो स्कीसमोर उकिडवा बसला, बोटानं पोलादी कडा तपासली आणि म्हणाला, "भाऊ, मामला टायरचा हाये. रोडवर साधा टायर पाह्यजे, चिखलात बटन टायर. एकच गाडी दोन्हीकडं हाकाची तं बीचवाला पाह्यजे. बीचवाली नाई हाये काय तिसरी?"

"या दोन्ही बीचवाल्याच हायेत म्हणते थे."

"मंग झगडा कायचा?"

"कोणती जास्त बीच, त्याचा."

दुसरा म्हणजे फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्याचा नायक. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य माणूस. म्हातारा, लालबुंद पागोटं, मिशा अशा की मी नाटकात लावायचो त्या त्याच्याकडूनच उसन्या घेतल्यासारख्या. दरवर्षी आमच्या जिनिंगला कापूस आणतो आणि दरवर्षी मी ओल जास्त आहे म्हटलं की माझ्याशी भांडतो. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख पालथा घातलेला, त्यामुळे जी वस्तू चालते तिच्याबद्दल बोलायचा हक्क आपल्याकडे वडिलोपार्जित आहे असं तो समजतो. तो जोड्यांभोवती फिरला. एक पाय मुडपून खाली वाकला.

"खूर पाहून राह्यलो," तो म्हणाला. "गोट्याच्या रस्त्याले बारीक खुराचा बैल. गाऱ्या-चिखलात पसरट खुराचा. बारीक खुराचा गाऱ्यात घातला का पोटावर बसते." मग टोकाकडे बोट दाखवून विचारलं, "दात कुठं पाह्यचे हिचे?"

पोरगी दारात उभी होती. त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी किंचित हसली, तेही एका गालानं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. माझा ओल मोजायचा छोटा यंत्रडबा, बायकोचा विळा, कात्री, पेनं. त्या वर्षी बायकोनं कोणाला न विचारता दोन्ही जोड्या पाटावर आडव्या, तळ वर करून ठेवल्या, त्यांना हळदीकुंकू लावलं, वर झेंडू आणि आपट्याची पानं. मला वाटलं होतं हिला या वस्तू घरातून जायला हव्यात. मी तसं म्हणालो. "जाचं तं जाऊ दे," ती म्हणाली. "पन जे पोरीले तोलते त्याले कुंकू नाई लावाचं काय?" ते कुंकू पुढं स्कीच्या खालच्या अंगाला असं बसलं की निघेचना. तिकडे स्कीच्या तळाला मेण लावतात, पोरगी म्हणाली. कुंकवावर मेण बसतं का, ते तिलाही माहीत नव्हतं.

मग नोव्हेंबर आला. कापूस आला. आवारात गंज्या, म्हणजे कापसाचे डोंगराएवढे ढीग, उभे राहिले आणि माझे पाय परत माझे उरले नाहीत. अशात एका दुपारी तिकडून फोन आला. हंगामाच्या नेमणुका ठरत होत्या. येणार का, आणि येणार तर कुठे: फक्त शिकवण्याच्या उतारावर, की झेंड्यांबाहेर जाणाऱ्या तुकडीतही? रविवारपर्यंत कळव. दुसरी जोडी ज्याला द्यायची होती, तोही विचारत होता, कोणती माझी?

पोरीनं फोन ठेवला आणि आम्हाला सांगितलं. मग म्हणाली, "दोन्ही त्यालेच देऊन टाकू का?" आवाज अगदी सपाट. थकलेल्या माणसाला निर्णय घेण्यापेक्षा वस्तू देऊन टाकणं सोपं वाटतं, हे मला कळत होतं. मीही कित्येक वर्षं नोकरी अशीच कोणाला तरी देऊन टाकायच्या विचारात आहे.

ही बातमी नायकाला जिनिंगमध्ये कळली, कारण मी त्याच्याशी ओलीवरून भांडायच्या ऐवजी गप्प बसलो आणि त्याला संशय आला. ऐकून त्यानं पागोटं काढलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "साहेब, तुमी जनावर बाजारातच पाहून राह्यले. बैल बाजारात नाई कळत. वावरात न्याचा, जुपाचा, दोन तास हाकाचे, मंग हातावर हात माराचा. पोरीनं त्या पायाला बांधून पाह्यल्या काय इथं?"

"नायक, इथं बर्फ कुठं हाये?"

नायकानं मान वळवली. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात एक मोठी गंजी होती. दिवाळीआधीच्या पावसात भिजलेला कापूस, पिवळट पडलेला, मीच बाजूला काढायला लावलेला. तिला चांगला उतार होता.

आता इतका शहाणा माणूस मी, रोज कापूस हातात घेणारा. कापूस घसरत नाही, गुंततो, हे माझ्या अंगठ्यांना झोपेतही सांगता येईल. पण मी त्या गंजीकडे बघितलं आणि मला ती खरंच पांढरी दिसली. थकल्यावर माणसाला असं दिसतं.

जिनिंगच्या मालकाला, शेठला, विचारलं तेव्हा त्यानं आधी माझ्याकडे, मग छताकडे बघितलं. त्याला एकच भीती होती: लोखंडाची कड दगडाला लागली, ठिणगी उडाली, तर गंजीबरोबर जिनिंगही जायचं. मिस्त्रीनं त्यावर उपाय काढला. सायकलची जुनी ट्यूब उभी कापून कडांवर चढवली, स्की कशी काळ्या काठाच्या पातळासारखी दिसायला लागली. शेठनं परवानगी दिली, रविवारी, आवार बंद असताना, त्याच भिजक्या गंजीवर, पाण्याचे ड्रम शेजारी भरून. "आन फोटो काढू नका," तो म्हणाला. "माह्या कापसाची इज्जत जाईन."

पोरगी येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली. का आलीस, असं आईनं विचारलं तर म्हणाली, "तुमी सगळे इतके थकले माह्यापाई. आता एकदाचं करून टाकू." ती स्कीचे जाडजूड बूट घालून आवारातून चालायला लागली, तेव्हा खट खट असा आवाज आला आणि पहारेकरी उठून उभा राहिला.

पहिली अरुंद जोडी. ती आडव्या पावलांनी गंजीवर चढली, अर्ध्यावर वळली आणि उभी राहिली. जोडी हळूहळू आत गेली. घोटे, मग पिंढऱ्या. पोरगी जागच्या जागी बुटकी होत गेली.

"पोटावर बसली," नायक समाधानानं म्हणाला.

"बर्फावर असं नाई होत काका," पोरगी म्हणाली. "दाबलेल्या उतारावर तं ही चांगलीच चालते."

"हो ना," मी म्हणालो, जरा घाईनं. "दाबलेल्या उतारावर. शिकवाले. त्यासाठीच तं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी नाटकातल्या मेलेल्या राजासारखा चेहरा केला, पण पडदा पडला नव्हता.

मग रुंद जोडी. इथं मला थांबून सांगितलं पाहिजे की, मिस्त्री सकाळपासून काहीतरी गुपचूप करत होता. पोरीनं मेणाचं सांगितलेलं त्याच्या लक्षात होतं. मेण नव्हतं, पण त्याच्याकडे ग्रीसचा डबा होता. रुंद जोडी त्याला मनातून आवडलेली, म्हणून त्यानं तिच्या तळाला प्रेमानं, कुंकवावरून, गाडीच्या बेअरिंगला भरतात तसं ग्रीस भरलं होतं. मी ग्रेडर आहे. कापसात एक केस सापडला तर गाडी परत पाठवतो. आणि माझ्या डोळ्यांदेखत ग्रीस माखलेली चार हात लांब वस्तू कापसावर ठेवली जात होती. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा पोरगी गंजीच्या माथ्यावर उभी होती आणि बुडत नव्हती. पसरट खुरांवर नीट उभी. तिनं गुडघे किंचित वाकवले. खांदे सैल सोडले. एप्रिलपासून मी त्या पोरीला पाठ टेकवून, कुशीवर, पालथी, सगळ्या प्रकारे पडलेली बघितलं होतं. अशी उभी राहिलेली बघितलं नव्हतं. बायकोनं माझं मनगट धरलं.

पोरीनं हातातल्या स्कीच्या काठ्या रोवल्या आणि स्वतःला ढकललं. खरंच घसरली ती, हातभर तरी. मग ग्रीसनं आपलं काम केलं. तळाला कापूस चिकटला, त्या कापसाला आणखी कापूस चिकटला, जोडीचे दोन लोड झाले, लग्नातल्या बैठकीवर टाकतात तसे. ते लोड थांबले, पण पोरगी थांबली नाही. ती पुढे गेली, डोक्यावर, कंबरेपर्यंत गंजीत. वर फक्त दोन लोड उरले, आभाळाकडे तोंड करून.

एक क्षण आवाज नव्हता. मला अंबाडीची भाजी आठवली. बायकोला काय आठवलं ते मनगटावर उमटलं.

आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

"डावा पाय मोकळा करा आधी, बाई, डावा."

"डावा नाई भाऊ, उजवा, लॉक उजव्याले हाये."

"काठी धर, छोरी, काठी धर."

"काठी कायची, हात दे मले."

"श्वास घे आधी, तोंड वर कर."

"तोंड खाली हाये न तिचं, वर कसं करन?"

"मी मंगाशीच म्हनत होतो, ग्रीस कमी पडलं."

पहारेकरी पाण्याचा ड्रम लोटत आणत होता, कशासाठी ते त्यालाच माहीत. शेठ, जो येणार नव्हता, तो भिंतीआडून ओरडून सांगत होता की कापूस तुडवू नका. बायको गुडघा विसरून गंजीवर चढली होती आणि तिथूनच मला खाली कसं उभं राहायचं ते शिकवत होती. मीही गप्प नव्हतो. "वजन मागं घे, बेटा," असं मी म्हणालो, हे मला नंतर लोकांनी सांगितलं. कुठलं वजन आणि कुठलं मागं, देव जाणे.

गंजी हलली. आधी एक हात बाहेर आला, मग डोकं. केसांत, भुवयांत, कानांत पिवळट कापूस. ती उलटीची सुलटी झाली, बसली, तोंडातली रुई थुंकली. आम्ही अजून सल्ले देतच होतो. तिनं आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे, नीट, जणू मोजून. मग पायातल्या त्या दोन लोडांकडे बघितलं. आणि मी एप्रिलपासून ज्याची वाट पाहत होतो ते हसू, दोन्ही गालांचं, कापसासकट, तिच्या तोंडावर आलं.

"ही रुंदच नेतो मी. तथी पडली तं निदान कोनी सल्ला तरी नाई देत."